वहिनीच्या मळ्यात लाल बावटे

मी कृष्णनाथ, सुर्ल्याच्या खाणीवरचा सुरक्षा अधिकारी. माझ्या हद्दीत मुंगीसुद्धा हेल्मेटशिवाय फिरत नाही! त्यामुळे वास्कोच्या बंदरावर नोकरीला असलेल्या दादाला रजा मिळेना, तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "लाटंबार्से गावच्या आपल्या मळ्याची कापणी माझ्यावर सोड. कोणाच्या नखालाही धक्का लागणार नाही!"

मालतीवहिनीला नखांची नाही, भाताची काळजी होती. आभाळ भरून आलेलं, आणि कापणीचं मशीन त्या एका सकाळपुरतंच मिळालेलं.

"भावोजी, मशीन गेलां तर परत मेळाचां नाय. पाऊस इलो काय भात आडवां पडतलां. मगे वर्सभर काय तुमची शिटी खावची?"

"वयनी, आधी सुरक्षा!"

मळ्यात गेल्या गेल्या मी कापणीच्या बायकांना हेल्मेटं वाटली. त्यांनी ती उलटी करून त्यात चहाबरोबरचे उंडे, म्हणजे गोल पाव, ठेवले. मी बांधावर फळा उभा केला: 'आजचे अपघात: शून्य'. मग विळा सुरक्षितपणे कसा धरावा यावर भाषण सुरू केलं.

"सायबानु, विळो उलटो धरलास!" एकजण म्हणाली.

भाषण आवरतं घेतलं. मशीनच्या वाटेत कोणी येऊ नये म्हणून मळ्याच्या चार कोपऱ्यांत लाल बावटे रोवले, खाणीवर रोवतो तसेच. आणि सगळ्यांना मागे सारायला शिट्टी फुंकली. तीही खाणीवर फुंकतो तशीच, लांबलचक!

मशीनवर बसला होता बांद्याचा बाबुराव. पूर्वी सुर्ल्याला खनिजाचा ट्रक चालवायचा. लाल बावटे आणि शिट्टी म्हणजे सुरुंग, हे त्याच्या अंगात भिनलेलं! त्याने बावटे पाहिले, मला ओळखलं आणि किंचाळला, "अरे देवा, हयसर पण खाण? पळा गे पळा, सुरुंग उडतलो!"

मशीन डांबरी रस्त्याकडे सुटलं. मागोमाग बायका, उंड्यांसकट! त्यांना थांबवायला मी घाबरून पुन्हा शिट्टी फुंकली. त्या शिट्टीला वाड्यावरची कुत्रीही पळाली.

घटकाभरात बातमी पसरली: मालतीच्या मळ्यात खाण सुरू होतेय! निम्मा गाव विरोध करायला धावत आला, उरलेला नोकरी मागायला.

मी बाबुरावला फोन लावला.

"नाय सायबानु, मशीन आता रस्त्यापलीकडच्या योगेशाच्या मळ्यात लागलां. तुमचो सुरुंग फुटलो काय सांगा, उद्या-फाल्या बघूया."

मला रडूच यायचं बाकी होतं. वहिनीने मात्र जमलेल्या गावाकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचला.

"खाण नाय आणि बिण नाय! इलास ते इलास, आता वाका आणि कापा!"

विरोधवाले आणि नोकरीवाले एकाच रांगेत वाकले. मलाही विळा मिळाला, या खेपेला सुलटा. पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत भात घरात! शेवटचा भारा मी मोठ्या ऐटीत उचलला, आणि कमरेत 'कट्'कन आवाज झाला.

"फुटलो रे सुरुंग!" कोणीतरी ओरडलं.

मला चौघांनी उचलून घरी आणलं. येताना वहिनीने फळ्यावरचं शून्य पुसून तिथे 'एक' लिहिलं.

सोमवारी खाणीवर माझं व्याख्यान आहे: 'वजन उचलताना कमरेची काळजी'. उभ्यानेच देणार आहे. बसता कुठे येतंय!