चौसष्ट कुळी

कोणालाही आत घेण्यापूर्वी तो कोणत्या घडणीचा आहे हे विचारून घ्यावं, याबाबत संगणकशास्त्र आणि साकोलीचे घरमालक यांचं पूर्ण एकमत आहे. फरक असलाच तर इतकाच, की संगणकशास्त्राला ही गोष्ट फार उशिरा सुचली.

अश्विन हा या शास्त्राचा साकोलीतला जाणकार. हायवेवरच्या एका छोट्या कंपनीत तो धानाच्या पानाचा फोटो पाहून रोग सांगणारं ॲप तयार करत होता. ॲप करपा ओळखायचं, पण काही फोनांवर उघडल्या उघडल्या बंद पडायचं. कारण साधं होतं. प्रोसेसरमध्येही जाती असतात (शास्त्रात त्यांना आर्किटेक्चर म्हणतात, शब्द भारदस्त असला की विचारायला संकोच वाटत नाही). कोणी बत्तीस बिटचा, कोणी चौसष्ट बिटचा. चौसष्टचा कोड बत्तीसच्या पोटात पचत नाही. तेव्हा ॲपने सुरू होता होता फोनलाच विचारावं, ‘बाबा, तू कोणत्यातला?’ आणि उत्तर येईल त्याप्रमाणे कोड काढावा, अशी सोय अश्विनने केली. फोन न लाजता सांगायचा. उत्तर ऐकून ॲपचा चेहरा पडत नसे, कारण दोघांच्याही पंगतीची तयारी ते घरूनच करून आलेलं असे.

कंपनीत कौतुक झालं. घरची अडचण वेगळी होती. अश्विन आणि त्याची बायको रश्मी आसगावहून रोज जाणंयेणं करत. रश्मी साकोलीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, एसटीचे धक्के आता पुरे. इथे खोली बघा, नाहीतर नोकरी सोडा. नोकरी रश्मीने हट्टाने मिळवली होती, ती सोडायचं नाव काढलं की तिचे डोळे भरून येत. म्हणून अश्विन खोली शोधायला निघाला.

साकोलीत खोली देण्याची पद्धत अत्यंत सभ्य आहे. तिथे कोणी जात विचारत नाही. जात विचारणं मागासपणाचं लक्षण आहे हे सगळे जाणतात, म्हणून ते आडनाव विचारतात. शंभरातल्या नव्वदांचं एवढ्यावर भागतं (हा आकडा कोणी मोजलेला नाही, पण खोटा ठरवायलाही कोणी पुढे आलेलं नाही). उरलेल्यांसाठी गाव, मग गावातला मोहल्ला, मग लग्न कोणत्या पद्धतीने झालं, मग भिंतीवर फोटो कोणाचे लावणार (खिळ्यांचा अंदाज यावा म्हणून), आणि सगळंच थकलं की मामाचं आडनाव. उत्तर पसंत पडलं तर किल्ली मिळते. नाही पडलं तर घरमालकाचा भाचा नेमका त्याच खोलीत कॉलेजसाठी राहायला येतो. अश्विनला आजवर जेवढे भाचे आडवे आले तेवढे खरंच आले असते, तर साकोलीत आणखी एक कॉलेज काढावं लागलं असतं.

त्यातून अश्विनच्या आडनावाने पेच केला होता. ते या भागात तीन-चार समाजांत चालतं. त्यामुळे त्याची चौकशी लांबायची, आशा वाढायची आणि भाचा जरा उशिरा यायचा.

बसस्टँडमागच्या तेजरामभाऊंची वरची खोली मात्र त्याने दोनदा फिरून पाहिली. दोन खिडक्या, नळ आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर. ही मिळायलाच हवी होती.

“आमच्या घरी जातपात काईच नाई जी,” तेजरामभाऊंनी कोणी न विचारता सांगितलं. “मानूस चांगला पायजे. आडनाव काय म्हनलं तुमचं?”

अश्विनने सांगितलं. तेजरामभाऊंनी बायकोकडे, पुष्पाबाईंकडे पाहिलं. त्यांनाही उलगडा होईना.

“मंग तुमी कोनत्यातले म्हनायचे?”

चार दारं फिरून आलेल्या अश्विनच्या तोंडून निघून गेलं, “चौसष्ट बिटवाले जी.”

“चौसष्ट?” तेजरामभाऊ विचारात पडले. “शहान्नव कुळी ऐकले होते. चौसष्ट कुळी कोनते जी?”

“थोडे कमी असतीन,” पुष्पाबाई समजुतीने म्हणाल्या, “पन त्याईच्याच लायनीतले.” आणि चहा टाकायला आत गेल्या.

अश्विन कुठे कामाला आहे हे ऐकल्यावर चहाबरोबर तेजरामभाऊंनी आपला फोन पुढे केला. “हे धानाचं ॲप तुमचंच ना? माह्या फोनात बंद पडून राहिलं. फोन तं चौसष्टवाला आहे, खोक्यावरच लिवलं आहे.”

अश्विनने नवं ॲप टाकून दिलं. ॲपने विचारलं, फोन म्हणाला, बत्तीस. (स्वस्त फोनांत असं होतं. आतली चिप चौसष्टची आणि वर बसवलेली सिस्टिम बत्तीसची. खोक्यावर मोठा आकडा छापतात.) ॲपने मुकाट्याने बत्तीसचा कोड काढला आणि चालू झालं. पुष्पाबाईंनी कुंडीतल्या जास्वंदीचा फोटो काढला. ॲपला धानाखेरीज काही ठाऊक नसल्याने त्याने करपा सांगितला. सगळे खूश झाले.

“म्हंजे हा चौसष्ट नाई?” तेजरामभाऊंचा चेहरा उतरला.

“बत्तीस निघाला जी. पन चालते ना?”

“चालते. पन कोनाले सांगू नका.”

मग ते आतून किल्ली घेऊन आले. हात पुढे केला आणि तसाच थांबवला. “एक राहूनच गेलं. तुमच्या मामाचं आडनाव काय जी?”

अश्विनच्या डोळ्यांपुढे रश्मीचे सुजलेले पाय आले. जिभेवर दुसरंच एक आडनाव येऊनही गेलं. पण पोटातल्या लेकरालाही एक मामा होता, तो बाळंतपणाला याच खोलीत येणार होता आणि आडनाव त्यालाही विचारलं जाणार होतं. अश्विनने फोनसारखं खरं ते सांगून टाकलं.

किल्ली खिशात गेली. तेजरामभाऊंचा चेहरा होता तसाच प्रेमळ राहिला. “माही आठवनच राहत नाई जी. भाचा येऊन राहिला माहा. कॉलेजसाठी.”

“कोनत्या कॉलेजात?”

“ते पाहतो आता.”

रश्मीने पुढच्या सोमवारी राजीनामा दिला. ॲप तेजरामभाऊंच्या फोनवर उत्तम चालू आहे.

अश्विनचं आडनाव या कथेत आलेलं नाही, हे चोखंदळ वाचकांच्या लक्षात आलंच असेल. नाव वाचलंत, गाव वाचलंत, बायकोचं नाव ताडून पाहिलंत. तीन-चार समाज म्हटल्यावर जरा हिरमुसलात आणि मामाचा विषय निघताच पुन्हा सावरून बसलात. तेही मिळालं नाही, याबद्दल दिलगिरी. असो. वरची खोली तुमच्याकडेही रिकामी असेलच. तुमचा भाचा कधी येतोय?