केस फुगवलेल्या बाप्यांची अंगाई

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी हर्षाने ठरवलं, की आता आपण गायचं नाही.

ती अंगाई म्हणायला लागली की पाळण्यातली पोट्टी आधी डोळे मोठे करून तिच्याकडे बघायची, मग ओठ काढायची, आणि मग अशी किंचाळायची की नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामांपुढे उभे असलेले ट्रकवाले खाली उतरून आपले ब्रेक तपासायचे.

पोट्टी तीन महिन्यांची. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नव्हतं. आणि हर्षा म्हणजे जन्माची घाबरट. पोट्टी जागी असली की झोपत कशी नाही म्हणून घाबरायची, आणि झोपली की एवढी कशी झोपली म्हणून तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायची. बोट गार असलं की पोट्टी दचकून उठायची. (हे बोटाचं प्रकरण तिने घरात कोणाला सांगितलेलं नाही.)

शांततेसाठी घराने काय नाही केलं? दारावरची बेल काढली. कुकर माळ्यावर गेला, भात पातेल्यात आला. तिचा नवरा ऋषिकेश दिवसा गोदामात कारकून आणि लग्नसराईत धुमाल पार्टीत कॅशिओ, म्हणजे विजेवरची पेटी, वाजवणारा. धुमाल म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजावं, की गाडीवर ढोल, ताशे, कॅशिओ आणि भोंगे चढवतात आणि ती गाडी गल्लीतून गेली की भिंतीवरचं कॅलेंडर खाली येतं. या पार्टीची प्रॅक्टिस ऋषिकेशच्याच पुढच्या खोलीत चालायची. पोट्टी झाली तशी ती बंद झाली. ढोल ते वाजवणाऱ्या देवरावच्या घरी गेले. ऋषिकेशला शिंक आली तर तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन शिंकायचा.

तरी पोट्टी झोपेना.

तर त्या दुपारी ऋषिकेश फोन चार्जिंगला विसरून गेला होता. हर्षाने तो उचलला आणि वर जे गाणं दिसलं त्यावर बोट दाबलं. ते निघालं इंग्रजी. खापरखेड्याच्या कोण्या इंजिनियर नवरदेवाला वरातीत तेच पाहिजे होतं, म्हणून ऋषिकेश ते ऐकून ऐकून कॅशिओवर बसवत होता.

सुरुवात फारच गरीब. कोणी एक जण हळूहळू तारा छेडतोय, दुसरा कण्हतोय. हर्षाला त्याची दया आली. (भाषा कळत नव्हती, पण बायको माहेरी निघून गेली असावी एवढं कळलं.) पोट्टीची कुरकुर चालूच. आणि मग एकदम ढोल कोसळले, आणि तो कण्हणारा असा ओरडला, जणू बायको परत आली आणि तिने स्वयंपाकघर बघितलं.

हर्षा फोन बंद करायला धावली. पण पाळण्यात बघते तर काय! पोट्टीची मूठ सुटली. पापण्या जड झाल्या. गिटार रडायला लागली तशी ही हसली आणि झोपली. हर्षाने घाबरून फोन बंद केला, तर उठली. परत लावला, तर परत झोपली.

त्या दुपारी हर्षाही झोपली. पोट्टी झाल्यापासून पहिल्यांदा.

मग दुसरं गाणं, तिसरं गाणं. सगळ्यांची चाल एकच. आधी मुळूमुळू, मग धडाम, मग कोणीतरी जीव खाऊन ओरडायचं. पोट्टीला मुळूमुळूशी काही देणंघेणं नव्हतं. ती ओरडण्याची वाट बघायची.

हर्षाच्या डोक्यात प्रकाश पडला तो भाकरी थापताना.

"अवो," ती ऋषिकेशला म्हणाली, "ही पोटात होती तवा समोरच्या खोलीत रोज काय चालत होतं?"

"प्रॅक्टिस."

"आन् आता?"

ऋषिकेश ताटावरून उठला. "म्हणजे आपण पोट्टीले शांतता देऊन देऊन जागवून राहिलो?"

"हाव ना! तिले वाटते, घरचे सगळे मेले!"

हे सगळं जमून येत होतं, तोच सावनेरहून सासूबाई आल्या. बारशाच्या तयारीला. जयवंताबाईंनी पिशवी खाली ठेवली नाही, तोच त्यांना पाळण्याशेजारी उभा केलेला फोन दिसला. फोनमध्ये चार जण. केस फुगवून गवताच्या गंजीएवढे केलेले, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, अंगाला चिकटलेल्या वाघाच्या पट्ट्यांच्या चड्ड्या.

"ह्या बाया काहून बोंबलून राहिल्या?"

"बाया नाहीत आई, बापे आहेत."

जयवंताबाईंनी पिशवी खाली ठेवली. "बापे? मंग ह्यायले झालं काय?"

"दुःख झालं, आई."

"इतकं नटून?"

जयवंताबाईंनी फोन बंद करून उलटा घातला. पोट्टीने लगेच सूर लावला. "बघ! कानाचे पडदे फाडले लेकराचे! तुले जमत नाही वं हर्षा. बारशाच्या दिवशी चारचौघींत पाळण्यात झोपली तं ठीक. नाई तं दोघींले घेऊन जातो सावनेरले. मोठी होईस्तोवर माझ्यापाशी."

हर्षाने पाळणा स्वतःकडे ओढला. सावनेर वाईट नव्हतं, सासूबाईही वाईट नव्हत्या. पण तिथे गेलं की लेकरू आजीचं, आणि हर्षा नुसती दूध पाजण्यापुरती. आंघोळ कोण घालणार, आजी. औषध कोण देणार, आजी. आणि सगळं सावनेर म्हणणार, सुनेला काही जमलं नाही.

(आणि खरं सांगायचं तर हर्षालाही आतून तसंच वाटत होतं. म्हणूनच जास्त लागलं.)

बारशाच्या संध्याकाळी दारापुढे मांडव पडला. पाळण्याला झेंडूच्या माळा. घुगऱ्यांचं घमेलं. गल्लीतल्या, नात्यातल्या सगळ्या बाया दाटीवाटीने बसलेल्या. धुमालची पोरं जेवायला आली होती, आणि जेवून तिथूनच खापरखेड्याच्या वरातीला निघायचं म्हणून त्यांची गाडी मांडवालाच लागून उभी होती. हर्षाने नणंदेच्या हातातला फोन परत घेऊन ओच्यात लपवून ठेवला होता. जरा गडबड झाली की हळूच लावायचा, असा तिचा बेत.

बायांनी गोड, बारीक आवाजात पाळणा म्हणायला सुरुवात केली. पोट्टीने डोळे मोठे केले. ओठ काढले. आणि मग मांडवाचं कापड हललं.

"भूक लागली असंल."

"नजर लागली वं."

"आईचीच झोप नाही, पोरीची कुठून येईल?"

जयवंताबाईंनी नुसतं दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. बॅग भरलेली होती. हर्षाची.

हर्षाने फोन काढला, दाबला. काळा. परत दाबला. काळाच.

"मिनल, फोनले काय झालं?"

"अवं वहिनी," पोट्टीची आत्या मिनल म्हणाली, "सकाळपासून मी त्याच्यावरच व्हिडिओ काढून राहिली होती ना. बॅटरी गेली."

हर्षाला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात तिची नजर गाडीवर गेली. गाडीवर ढोल होते. ताशे होते. कॅशिओ होता. आणि नवरा तिसऱ्यांदा भात वाढून घेत होता.

"अवो! ताट ठेवा! ते गाणं वाजवा!"

"इथं? आई बसली आहे."

"वाजवा म्हणते ना!"

ऋषिकेशने हात पँटीला पुसले आणि गाडीवर चढला. मुळूमुळू सुरू झालं. बाया गप्प झाल्या. जयवंताबाई उभ्या राहिल्या. देवराव ढोलावर काठी उगारून थांबला, ओरडण्याची वाट बघत. आणि ओरडणार कोण? हे कोणी बघितलंच नव्हतं. वरातीत नवरदेवाचा इंग्रजी शिकलेला दोस्त ओरडणार होता. इथे ऋषिकेश देवरावकडे बघतोय, देवराव ऋषिकेशकडे. मुळूमुळू संपत आलं. पोट्टीचा आवाज वर वर.

आणि मग हर्षा ओरडली.

सातवीपर्यंत शिकलेली, वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायलाही लाजणारी हर्षा. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून पोटात जे होतं तेच बाहेर आलं.

"मी नाऽऽही जाणार सावनेरलेऽऽऽ!"

धडाम! ढोल कोसळले. मांडवाचे बांबू थरथरले. समोरच्या गोदामाचं शटर आपोआप खाली आलं. कोपऱ्यातली एक म्हातारी, जी लग्नापासून सासरीच होती, तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "मीही नाही जाणार!" कुठे नाही जाणार ते तिलाच माहीत. मग सगळ्याच बाया उठल्या. "नाही जाणार! नाही जाणार!" कोणी फोनचा लाइट लावून हात हलवायला लागलं, बघता बघता सगळा मांडव लखलखला.

आणि पाळण्यात पोट्टीची मूठ सुटली. ती हसली. आणि झोपली.

त्याच ठेक्यात मिनलने पोट्टीच्या कानात "खुशी" म्हटलं, आणि त्याच ठेक्यात बायांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत बुक्के घातले. (आत्या दोन दिवस पालथी झोपली.) खुशी हलली नाही. हर्षाने नाकापुढे बोटसुद्धा धरलं नाही. मान ताठ करून उभी राहिली, आणि त्या क्षणी ती गवताच्या गंजीएवढे केस करून आली असती तरी शोभली असती.

जयवंताबाईंनी पाळण्यात वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "राहू दे वं. पोट्टी इथंच राहू दे. तुझ्याच जवळ."

सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. ऋषिकेशने भाताचं ताट परत घेतलं. हर्षा जिंकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पुढच्या खोलीत जयवंताबाईंची गादी अंथरलेली, देवाचे फोटो भिंतीवर, आणि सासूबाई स्वतः रात्री वरातीहून परत आलेल्या ढोलाला टेकून घोरतायत. उठल्यावर म्हणाल्या, "इतकी गाढ झोप मले लग्न झाल्यापासून आली नव्हती बापा. आता मी इथंच राहतो. सांज झाली की वाजवत जा."

तेव्हा वाडीहून सावनेरकडे कोणी जाणारं असलं, तर हर्षाच्या सासऱ्यांना, मधुकररावांना, एवढा निरोप द्या: आईंची तब्येत छान आहे, घ्यायला लवकर या. फक्त निरोप हर्षाने दिला, हे सांगू नका.