रुद्राजीपंतांची तिसरी घंटा

श्रीरंगदेवतेस साष्टांग. पडद्यापुढले व पडद्याआतले उभयतां सुखरूप असोत. शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी, व्हिडिओ गेममधील एका राज्यी जे वर्तमान जाहले ते यथामति लिहितो. त्या राज्यात नायकांच्या स्वाऱ्या नित्य येत, राक्षस मारीत, आणि त्यांची सूत्रे पडद्याबाहेरील माणसांचे बोटी असत. वाटेत एक नाट्यगृह, आणि तेथील दिग्दर्शक रुद्राजीपंत, दुय्यम पात्र. कामगिरी इतकीच की नायकास पुढील किल्ल्याची किल्ली द्यावी. परंतु पंत बहुत विक्षिप्त. अर्धीच मिशी लावीत, मिशीकडील अंगे राजा होत आणि कोऱ्या अंगे राणी, आणि तीन अंकी नाटक एकटेच करून दाखवीत, आणि मग किल्ली देत. नायकांस बोलावयास दोनच वाक्ये नेमिली होती, "किल्ली द्या" आणि "पुन्हा सांगा". पैकी दुसरे आजवर कोणी उच्चारिले नव्हते. पंतांनी तिसरी घंटा देवविली की नायक बटण दाबून राजाचे तोंड मिटवीत, मग राणीचे मिटवीत, आणि किल्ली घेऊन पसार होत. बटण दाबिले की दुय्यम पात्राने मुकाट पुढे सरकावे, ऐसा राज्याचा कायदाच होता. पंतांचे जिवास फार लागे.

मग निर्माते सरकारांची आज्ञा आली की, पौर्णिमेपर्यंत कोणी नाटक अखेरपर्यंत न ऐकिल्यास नाट्यगृह नकाशातून पुसावे आणि किल्ली झाडास टांगावी. पंतांचे धाबे दणाणले. पडदा ओढणारे भिकोबा म्हणाले, "पंत, आता आखडतं घ्या. दोन वाक्यांत उरका." पंत कडाडले, "मग राणी रडणार कधी?"

पौर्णिमेस एक तलवारबहाद्दर बाई चालून आली. तिसरी घंटा जाहली आणि बाई जागची हलली नाही, पहिला अंक सरला, तरी हलली नाही. दुसऱ्या अंकी भिकोबा विंगेतून कुजबुजले, "पंत, ही ऐकत नाही हो. बाहेरचं माणूस जेवायला उठलंय." पंत राजाचे अंगाने गर्जत होते, ते राणीचे अंगाने हळूच म्हणाले, "ठाऊक आहे मला. घोरणाऱ्यांपुढं केलंय, खोकणाऱ्यांपुढं केलंय, ही तर उभी आहे! पडदा ओढ तू." आणि एक संवाद न गाळता तिसऱ्या अंकास भिडले. राणी रडो लागली, आणि ऐन त्याच समयी बाहेरील बोटे जेवून परतली. बाईचा तलवारीचा हात हलला. पंतांनी तो पाहिला, तरी राणीस पुरते रडू दिले, आणि मग किल्ली पुढे केली.

बाईने किल्ली घेतली नाही. म्हणाली, "पुन्हा सांगा."

पंत दोन्ही अंगांनी असे रडले की अर्धी मिशी सुटून किल्लीवर पडली. ती त्यांनी उचलून, चाचपून जागी बसविली आणि म्हणाले, "भिकोबा, पहिल्यापासून. घंटा दे." त्या खेळी बाईने एकही बटण दाबिले नाही.

सारांश, नाट्यगृह नकाशावर कायम आहे, पंत खुशाल आहेत, आणि रोज तिसरी घंटा होते. बाईने किल्ला मात्र अद्याप घेतला नाही.