गुळाचं मानपत्र

सोपानराव मास्तरांची इंदापूरच्या शाळेतून बारामतीला बदली झाली, तेव्हा शिक्षक मंडळींचा बेत साधाच होता: पुण्याहून छापील मानपत्र चौकटीत घालून मागवायचं. पण महिपती मास्तर नुकताच बी.ए. होऊन आलेला. त्याला साधे बेत सोसत नसत.

"विलायती काच? यंत्राची छपाई?" तो कडाडला. "मानपत्र मी करीन! माझ्या हातांनी, इथल्या मातीतल्या वस्तूचं!"

वस्तू कोणती, हे बोलून झाल्यावर ठरवावं लागलं. संध्याकाळी तो गेणबाच्या गुऱ्हाळावर हजर झाला.

"गुळाची पाटी?" गेणबा काहिल ढवळायचा थांबला. "ढेप न्या की मास्तर, चांगली."

"आबा, निरोप द्यायचाय."

"मग ढेपंनं बी देता येतोय की!"

महिपतीनं परातीत कढत गूळ ओतून घेतला, तीन बोटं भाजून घेतली, आणि गूळ घट्ट होताच दाभणानं अक्षरं कोरली. घरी आल्यावर सिंधुबाईला एवढंच सांगितलं, "मुंग्यांपासून जप." (तिला अक्षरओळख नव्हती. ती करून देण्याचा महिपतीचा संकल्प मात्र लग्नापासून ताजा होता.)

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून शाळेत तोरणं बांधत होता. सभा भरल्यावर शिपाई झुंबरनं घरून फडक्यात बांधलेलं मानपत्र आणून हेडमास्तरांपुढं ठेवलं. महिपतीची छाती फुगली. आज सगळ्यांना कळणार होतं, हातच्या कामाचं मोल काय असतं ते!

सोपानराव आभाराला उभे राहिले. "दुपारी उन्हातून घरोघर निरोप घेत हिंडलो. ही सगळी मंडळी सोबत. पण महिपतराव, तुमच्या घरी झालं तसं गूळ-पाणी कुठं नाही झालं! वहिनी आतून फोडून आणताहेत, आम्ही खातोय. पुरे म्हणावं, तर म्हणतात, 'घ्या हो भाऊजी, ह्यांनी मुद्दाम गुऱ्हाळावरनं आणलाय!'"

महिपती ताडकन उठला. "थांबा!" तो ओरडला.

पण हेडमास्तरांनी फडकं सोडलं होतं. आत वीतभर लांब पट्टी उरली होती. सोपानरावांचं नाव, गुणवर्णन, शुभेच्छा, सगळं सोपानरावांच्या नि मंडळींच्या पोटात गेलं होतं. शिल्लक होती ती तळाची एकच ओळ, कारागिरानं सगळ्यांत ठळक कोरलेली. हेडमास्तरांनी ती मोठ्यानं वाचली:

"महिपती आप्पा शिंगटे, बी.ए." मग चष्मा सारून त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे? तुम्हीही चाललात? बोलला नाहीत ते!"

"वा! बारामतीपर्यंत सोबत झाली!" म्हणत सोपानरावांनी आपल्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला.

"अहो, मी नाही..." महिपती म्हणाला, पण ऐकतो कोण? निदान एकजण तरी 'राहा हो' म्हणेल, म्हणून त्यानं मोठ्या आशेनं सभेकडे पाहिलं.

सभा टाळ्या वाजवत होती. सोपानरावांना वाजल्या होत्या, त्याहून अंमळ जास्तच.