एक बटण आणि दोन गाड्या

सुनेने ठरवलं की उद्या ड्रेस घालायचा, आणि घालायचा तर कडक इस्त्री करून घालायचा. एवढंच. यात कोणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं.

लग्नाला दोन महिने झाले होते. दोन महिन्यांत नव्या घरातल्या माणसांचे स्वभाव कळतात, बटणं कळत नाहीत. इस्त्रीची जाड पिन मागच्या व्हरांड्यातल्या एकाच सॉकेटमध्ये बसायची, आणि त्या सॉकेटला गेले तीन आठवडे नवऱ्याची नवी इलेक्ट्रिक गाडी लुचलेली असायची. वर नवऱ्याच्या अक्षरात कागद होता, ‘हात लावू नये.’ हा कागद सासऱ्यांसाठी आहे अशी सुनेची समजूत होती. (बऱ्याच अंशी खरी.)

तिने गाडीची पिन काढली, ड्रेस इस्त्री केला, बटण बंद केलं आणि गाडीची पिन होती तशी लावून ठेवली. ‘वापर झाला की बटण बंद’ हे तिच्या आईने इतकं घोटून घेतलं होतं की ते बटण परत चालू करायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. चांगल्या सवयी माणसाला अशा तोंडघशी पाडतात.

आता उद्याचं महत्त्व सांगायला हवं. घरात दोन पक्ष होते. सासऱ्यांची वीस वर्षं जुनी पेट्रोलची गाडी होती, तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणत. ती सुरू झाली की शेजारचे घड्याळ लावून घेत. नवऱ्याची गाडी सुरू झालेली कोणालाच कळत नसे, म्हणून तो ती सुरू झाल्याचं सगळ्यांना सांगत असे.

“एका चार्जमध्ये दोनशे ऐंशी किलोमीटर,” तो जेवताना म्हणायचा.

“आणि मग?” सासरे विचारायचे.

“मग काय, परत लावायची.”

“माझी पाच मिनिटांत भरते. तुझी भरेपर्यंत माणसाला दाढी येते.”

शेवटी पैज लागली. डोंगरापलीकडे आत्याचं घर, नव्वद किलोमीटर. एक दिवस जायचं, दुसऱ्या दिवशी यायचं. आत्याकडे चार्जिंग चालेल, वाटेत थांबून नाही, आणि कोणाची मदत घ्यायची नाही. नवऱ्याची गाडी पास झाली तर म्हातारी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला द्यायची. तो वर्षभर मागेच लागला होता. नापास झाली तर नवऱ्याने जेवताना गाडी हा विषय जन्मात काढायचा नाही.

सकाळी नवरा ऐटीत गाडीत बसला आणि त्याचा चेहरा इस्त्री न केलेल्या ड्रेससारखा झाला. शेजारच्या सीटवरून सुनेने पडदा पाहिला. एकशे अठ्ठावीस किलोमीटर. मग तिला व्हरांड्यातलं बटण आठवलं. या घरातली तिची पहिली चूक, आणि तीही एवढी मोठी.

“किती भरली रे?” सासरे खिडकीशी आले.

नवऱ्याने पडद्यावर गाडी पुसायचं फडकं टाकलं. “भरपूर. ऊन लागतंय पडद्याला.”

“मी म्हातारी घेऊन मागून येतो. कोणीतरी उचलायला हवं तुम्हाला.”

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, कारण म्हातारीला एसी नव्हता. त्यांच्या शेजारी आत्याला द्यायचं लोखंडी शिलाई मशीन होतं, चांगलं चाळीस किलोचं.

पहिल्या सिग्नलला नवऱ्याने बापाला दाखवायला म्हणून पाय दाबला. गाडी अशी उसळली की सासूबाई मशीनच्या गळ्यात पडल्या. खरोखर, त्या बाबतीत म्हातारी तिच्या जवळपासही येऊ शकली नसती. फडक्याखाली चार किलोमीटर गेले.

“एसी बंद करतो आई, एसी सांध्यांना वाईट.”

“माझे सांधे बरे आहेत.”

“म्हणूनच. बरे राहू देत.”

काचा उघडल्या. थोड्या वेळाने, उघड्या काचांनी वारा अडतो आणि बॅटरी जास्त जाते असं त्याला आठवलं, म्हणून काचाही बंद झाल्या. सासूबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, “मोबाइल तरी चार्जिंगला लावू का?” नवऱ्याने असं पाहिलं, जणू त्यांनी त्याची किडनी मागितली.

डोंगराच्या पायथ्याशी चहाला थांबले, तेव्हा सासूबाई आपण होऊन म्हातारीत गेल्या. पाठोपाठ शिलाई मशीनही गेलं.

“ही मदत धरायची का?” सासऱ्यांनी विचारलं.

“सामान तुमच्या बहिणीचं आहे, बाबा.”

चढ सुरू झाला. एक किलोमीटर चढलं की फडक्याखालचे तीन जायचे. नवरा वीसच्या वेगाने चालला होता. एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला, आणि जाताना ‘काही मदत हवी का’ असंही विचारून गेला. नवऱ्याने हळूच बायकोकडे पाहिलं.

“अगं, तुझं वजन किती?”

लग्न ठरवताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी शंभर गोष्टी विचारल्या होत्या, ही एक सोडून. “बावन्न,” ती म्हणाली. “अहो, मला एक सांगायचंय. काल संध्याकाळी—”

“कंपनीवर केस करतो मी,” तो दात-ओठ खात म्हणाला. “रात्रभर लावून अर्धी भरते म्हणजे काय? ज्याने हे केलं त्याला सोडणार नाही.”

ती खिडकीबाहेरचे किलोमीटरचे दगड मोजू लागली.

माथ्यावर पोहोचले तेव्हा आकडा पाच होता आणि आत्याचं घर नऊ किलोमीटर. पण पुढे सगळा उतार. गाडी खाली घरंगळू लागली आणि आकडा वाढायला लागला. सहा. आठ. नऊ. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ,” तो म्हणाला, “पेट्रोलची गाडी उतारावर पेट्रोल तयार करते का?” अकरावर ते आत्याच्या दारात पोहोचले. नवऱ्याने पिन लावली, बटण दाबलं (त्या गावात वीज रात्री आठनंतरच यायची), आणि बापाची वाट पाहत फाटकात उभा राहिला.

बाप येईना. अर्ध्या तासाने फोन आला. वीसच्या वेगाने पहिल्या गिअरमध्ये मुलाच्या मागे डोंगर चढता चढता म्हातारीला उकळी फुटली होती. बॉनेटमधून वाफ, आत शिलाई मशीन, आणि रस्त्याच्या कडेला दगडावर सासूबाई.

“आणायला ये रे,” सासरे म्हणाले.

नवऱ्याने अकरा या आकड्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे पाहिलं. शेवटी आत्याच आपल्या खटारा स्कूटरवर पाण्याचा कॅन लावून गेली आणि म्हातारीला पाणी पाजून सगळ्यांना घेऊन आली.

“बरोबरी,” जेवताना सासरे म्हणाले. “तुला आईला उतरवावं लागलं, मला बहिणीला बोलवावं लागलं. उद्या परत जाताना निकाल.”

“उद्या निकाल आहेच. पण त्या कंपनीला आज तीन पानी पत्र—”

“बटण मी बंद केलं,” सून म्हणाली.

सगळे तिच्याकडे पाहू लागले. लग्न झाल्यापासून तिने जेवताना म्हटलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं. तिने इस्त्रीपासून सगळं सांगितलं. सासूबाई हसून म्हणाल्या, “ड्रेस मात्र छान दिसतोय हो.” नवऱ्याचा चेहरा उजळला, जणू कोर्टात मुलगा निर्दोष सुटला. “म्हणजे गाडीचा दोष नाही! अगं, आधी सांगायचं ना.”

तिला इतकं हलकं वाटलं की दिवेलागणीला ती मुद्दाम एकटी गाडीपाशी गेली. पिन नीट होती. पण बटण? बटण वर होतं. म्हणजे बंद. दुपारच्या गडबडीत नवरा दाबायला विसरला होता, बिचारा. आत जाऊन चारचौघांत त्याला सांगणं तिला बरं वाटलं नाही. माणसाचा मान ठेवावा. तिने बटण खाली दाबलं, ते लागल्याची दोनदा खात्री केली आणि समाधानाने झोपली.

सकाळी नवरा गाडीत बसला. सून शेजारी बसली. पडद्यावर अकरा होते.

“बोर्डाचं बटण खाली कोणी केलं?” आत्याने व्हरांड्यातून विचारलं. “वायरमनने आमच्याकडची सगळी बटणं उलटी बसवलीत. वर म्हणजे चालू.” नवऱ्याला हे लहानपणापासून माहीत होतं.

सून आपणहून उतरली आणि म्हातारीत जाऊन बसली. पाठोपाठ सासूबाई, आणि बऱ्याच वेळाने नवराही. नवी गाडी आत्याकडे वर केलेल्या बटणाशी राहिली.

म्हातारीने तीन आचके दिले आणि ती सुरू झाली. गावाबाहेर पेट्रोल पंप दिसला तसे सासरे आत वळले. सुनेने, निदान काहीतरी मदत करावी म्हणून, दाराच्या कडीला हात घातला.

“सूनबाई,” सासरे आरशात पाहत अतिशय प्रेमाने म्हणाले, “तू बैस. इथे बरीच बटणं आहेत.”