ऊस घरपोच

स्वरूपा एक ओळ लिहायला घ्यायची आणि पुढच्या चार ओळी पडद्यावर राखाडी अक्षरांत हजर व्हायच्या. तिनं जरा थांबून विचार करावा, तर तेवढ्यात ते कोडिंगचं एआय मदतनीस तिच्या वतीनं विचार करून मोकळं. टॅबचं बटण दाबलं की सुचवलेलं सगळं कोडमध्ये जाऊन बसायचं. तिनं ते बंद केलं, की दिग्विजयसर येऊन पुन्हा चालू करायचे.

दिग्विजयसर म्हणजे बारामतीत भिगवण रस्त्याला, फरशीच्या दुकानाच्या वर असलेल्या कंपनीचे मालक. पुण्याच्या एका परिषदेत जेवून आल्यापासून ते फक्त भविष्याबद्दल बोलत. कोड लिहिणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. लिहिणाऱ्याच्या पाठीशी उभं राहणं तेवढं सुटलं नव्हतं.

"सर, ते आपण बोलावल्यावरच येईल अशी सोय आहे," स्वरूपा म्हणाली. "बाकी वेळ गप्प बसेल."

"अगं, गप्प बसलं तर ते हुशार आहे हे लोकांना कळणार कसं?"

सरांनी स्वतःच्या बाबतीतही हाच नियम पाळला होता.

काम एका साखर कारखान्याचं होतं. ज्यांचा ऊस त्या दिवशी तोडायचा, त्यांना सकाळी शेतावर हजर राहण्याचा मेसेज जायचा होता. स्वरूपानं "सभासद बंधूंनो, आज आपला ऊस" इथपर्यंत लिहिलं आणि पुढच्या शब्दावर अडली. लगेच राखाडी अक्षरं उमटली. "बघ, किती पटकन सुचलं त्याला," म्हणत सरांनी बाजूनं हात घालून टॅब दाबलं आणि त्याच झटक्यात मेसेज पाठवूनही दिला.

सणसर गावात कारखान्याचे सभासद सावळारामतात्या यांच्या मोबाईलवर आलं: "आज आपला ऊस डिलिव्हरीसाठी निघाला आहे. कृपया घरीच थांबा."

तात्यांनी ते दोनदा वाचलं. "ऊस कशाला पाठवत्यात? साखरच असंल. सभासदाची साखर औंदा घरपोच देत असत्याल," ते बायकोला, शकुबाईंना म्हणाले. शकुबाईंनी डबे घासून उन्हात पालथे घातले. तात्या धुतलेलं धोतर नेसून दारात बसले. तिकडं तोडणीची टोळी शेतावर आली, बांध दाखवायला कुणी नाही म्हणून खोळंबली आणि पुढच्या गावाला निघून गेली. तात्यांची पाळी हुकली. तोडायला आलेला ऊस आता वाळत उभा राहणार होता.

साखर वाटतायत असं ऐकून गावातले बाकीचे लोक रिकामी पोती घेऊन कारखान्याच्या गट ऑफिसवर गेले. तिथून बारामतीला फोन आला. सरांनी खुलाशाचं कामही मदतनीसालाच सांगितलं, कारण चूक ज्याची त्यानंच निस्तरावी, हे त्यांचं तत्त्व. दुसरा मेसेज गटातल्या सगळ्या सभासदांना गेला: "गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपला ऊस रद्द करण्यात आला आहे."

आता पोती टाकून लोक ट्रॅक्टर घेऊन जाब विचारायला कारखान्यावर निघाले. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं सरांना फोनवर इतकंच सांगितलं, की सणसरला जाऊन लोकांना तोंड दाखवा, नाहीतर काम गेलं.

दुपारी सर आणि स्वरूपा तात्यांच्या ओसरीवर बसले. अंगणात गर्दी होती.

"मेसेज लिवतंय कोण?" तात्यांनी विचारलं.

"ते एक प्रगत तंत्रज्ञान आहे, तात्या," सर म्हणाले.

"ते बंद हुतं का?"

"हो," स्वरूपा म्हणाली.

"मग बंद करा. आन् मालक, माफीचं तुमी सोता लिवा. हितं, समद्यांम्होरं."

स्वरूपानं मदतनीस बंद केलं आणि लॅपटॉप सरांपुढं सरकवला. सरांनी "सभासद बंधूंनो" लिहिलं आणि वाट पाहिली. काहीच उमटलं नाही. त्यांनी टॅब दाबून पाहिलं. तरीही काही नाही. अख्खं अंगण बघत होतं.

शकुबाई चहा घेऊन आल्या. त्यांना कीव आली. "लिवा," त्या म्हणाल्या, "आमचं चुकलं."

सरांनी लिहिलं.

"कुनाचाबी ऊस रद्द न्हाय."

तेही लिहिलं. सरांचा चेहरा उजळला. शकुबाई सांगत गेल्या, सरांची बोटं चालत गेली. संपलं तसं त्यांनी पाठवण्याचं बटण दाबलं आणि समाधानानं कप उचलला.

अंगणातले मोबाईल एकदम वाजले. तात्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "आमचं चुकलं. कुणाचाही ऊस रद्द नाही. आमच्यामुळे सावळारामतात्यांची पाळी हुकली, म्हणून त्यांचा ऊस उद्या सगळ्यात आधी तुटेल. त्यानंतर त्यांच्या मेव्हण्याचा."

सरांचा कप तोंडापाशीच थांबला. "हे... हे मी कुठं लिहिलं?"

"तुमीच की," शकुबाई म्हणाल्या. "वाचलं न्हाय व्हय?"