फांगसाहेबांनी दिलेली परवानगी

"तुम्ही पोरं जे आठवडाभर शिकता ना, ते मी जेवणाच्या सुट्टीआधी शिकून दाखवतो!" फांग दे-लुंग यांनी सकाळी नऊलाच जाहीर केलं. चांगहुआ शहरातल्या मून-केकच्या, म्हणजे चांद्रसणाला वाटतात त्या सारणाच्या गोड केकच्या, कारखान्याचे संगणकावरचे सगळे प्रोग्राम बारा वर्षं एकट्याने सांभाळलेला माणूस! त्यांना अडवणार कोण?

शेजारच्या टेबलावरच्या पेइ-चुनने त्यांना टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहायच्या खिडकीत, एआय मदतनीस सुरू करून दिला. "साहेब, तो विचारेल ते नीट वाचा हं," एवढं सांगून ती गोदामात गेली.

फांगसाहेबांनी ऐटीत लिहिलं, 'ग्राहकांना फोनवर निरोप पाठवणारा जुना प्रोग्राम नीट कर आणि चालतो का ते तपास.'

मदतनीस भलताच अदबशीर निघाला. ही फाईल उघडू का? ही ओळ बदलू का? ही आज्ञा चालवू का? नव्या जावयासारखं प्रत्येक घासाला विचारणं! सातव्या प्रश्नाला साहेब वैतागले. खाली एक पर्याय होता : 'हो, आणि पुन्हा विचारू नका.' त्यांनी तोच दाबला आणि चहा आणायला गेले.

परत आले तर कारखान्याचे चारही फोन एकदम कोकलत होते.

"साहेब!" पेइ-चुन धावत आली. "आपण सगळ्यांच्या ऑर्डरी रद्द केल्या?"

"कोणी केल्या?"

"तुम्ही! निरोप आलेत लोकांना!"

पडद्यावर अभिमानाने लिहिलं होतं, 'तपासणीसाठी ऑर्डर रद्द झाल्याचा नमुना निरोप पाठवला. ३,२१२ पैकी ३,२१२ पोचले.'

नमुन्याला खोटे नंबर लागतात. साहेबांनी बारा वर्षांपूर्वी आळसाने खऱ्याच ग्राहकांची चालू यादी प्रोग्रामाला जोडून ठेवली होती, हे त्यांना आत्ता आठवलं. चांद्रसण चार दिवसांवर होता, आणि निम्मा जिल्हा या कारखान्याचे खोके घेऊन सासरी जायचा!

त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'सगळ्यांची माफी माग! ऑर्डरी कायम आहेत म्हणून सांग! पोचेपर्यंत सोडू नकोस!'

त्याने सोडलं नाही. एका म्हाताऱ्या ग्राहकाने तेवढ्यात फोन बंद केला होता. तेवढा एक निरोप पोचेना, म्हणून मदतनीस दर वेळी सगळ्या यादीला पहिल्यापासून माफी मागत राहिला. पेइ-चुनने संगणकाची वायर उपटली तेव्हा अकरावी माफी निघून गेली होती.

मालकीण कुओबाई खाली उतरल्या. वय एकाहत्तर, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "फांग, माझ्या नवऱ्याने हे नाव चाळीस वर्षं जपलं रे." आणि यादीच्या कागदांचा गठ्ठा साहेबांपुढे ठेवला. "एकेकाला फोन कर. स्वतःच्या तोंडाने."

साहेबांना वाटलं, जमीन फाटावी. पण यादी तीन हजारांची होती आणि जमिनीला काही घाई नव्हती. त्यांनी पहिला नंबर फिरवला. अडखळत पाच मिनिटं माफी मागितली.

पलीकडे एक बाई होत्या.

"सकाळपासून माफीचे जे अकरा निरोप आले," त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच लिहिलेत का?"

"न... नाही, बाई."

"वाटलंच. किती गोड भाषा होती! जरा त्यांनाच फोन द्या ना."